शाळेच्या आवारात भिंत घालू नका: जत-मिरजेच्या पालकांना खुले पत्र

प्रति,
जत तालुका आणि मिरज पूर्व भागातल्या मराठी व कन्नड माध्यमाच्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवरील पालक सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातल्या एका गावचा ठराव मध्यंतरी माझ्या वाचनात आला. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गावावर बोलत बसतात आणि विषय बाजूला पडतो. एकाच आवारात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या दोन प्राथमिक शाळा आहेत. मैदान एक, पाण्याची टाकी एक, वडाचा पार एक. ठरावात म्हटलंय की दोन शाळांच्या मध्ये लोकवर्गणीतून भिंत घालावी, मधली सुट्टी वेगवेगळ्या वेळी करावी आणि पोषण आहाराच्या पंगतीही वेगळ्या बसवाव्यात. कारण एका ओळीचं: मुलांची भाषा बिघडते. गंमत म्हणजे सह्या दोन्हीकडच्या पालकांच्या आहेत. मराठीवाल्यांना वाटतं पोरं हेल काढून बोलायला लागलीत, कन्नडवाल्यांना वाटतं पोरं घरी आईला मराठीत उत्तरं द्यायला लागलीत. सीमाप्रश्नावर इतक्या वर्षांत एकमत झालं नाही, भिंतीवर मात्र एका बैठकीत झालं!

असाच विषय आणखी दोन-तीन गावांत निघालाय असं ऐकते, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

मी शिक्षिका नाही. माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे आणि माहेर जतच्या पूर्व भागातलं. मिरजेत औषधांचं दुकान चालवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून अथणी, रायबाग, चिक्कोडी, विजापूरकडचे पेशंट गाडी धरून मिरजेला येतात. काउंटरवर एका तासात मराठी, कन्नड, दखनी आणि मोडकी हिंदी अशा चारही भाषा होतात. औषध तेच असतं. ते घेणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखणं, तिथं सगळी मेख असते.

माझ्याकडे दोन मुलं कामाला आहेत. दोघांनाही कन्नड चांगलं येतं, येतं म्हणूनच ठेवलीत. एकदा अथणीकडच्या एक आजी एकट्याच आल्या. साखर कमी करायची नवी गोळी लिहून दिली होती, रोज सकाळी न्याहारीच्या आधी एक. पहिल्या मुलानं स्वच्छ कन्नडात सगळं सांगितलं, पाकिटावर सूर्याचं चित्रही काढून दिलं. आजींनी मान डोलावली, पैसे दिले, पिशवी आवळली. काही चुकलं नव्हतं. पण पलीकडे बिलं लावत बसलेला दुसरा मुलगा उठून आला आणि म्हणाला, "ऊट आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का? झालं नव्हतं. रक्त तपासायचं म्हणून आजी पहाटेपासून उपाशी होत्या. त्यांचा हिशेब सरळ होता: जेवणाआधी घ्यायची आहे, मी जेवलेली नाही, म्हणजे आत्ताच घ्यायची. बसमध्ये बसल्याबरोबर गोळी घेऊन त्या घरी पोचेपर्यंत तशाच राहिल्या असत्या. ही गोळी उपाशीपोटी घेतली की साखर उतरते, दरदरून घाम सुटतो, माणूस बसल्या जागी कलंडतो. त्यानं आजींना समोरच्या गाड्यावर इडली खायला बसवलं आणि गोळी उद्या सकाळी ताटावर बसताना सुरू करायची, हे त्यांच्याच तोंडून दोनदा वदवून घेतलं.

मी नंतर विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, "मान लई लवकर हलवली त्यांनी."

दोघांच्या कन्नडात डावंउजवं करण्यासारखं काही नाही. उलट पहिल्याचं जास्त शुद्ध आहे. फरक आहे तो ती भाषा कुणाकुणाशी बोलली गेली यात. पहिला कन्नड बोलत आला ते आईशी आणि आजीशी. शाळा, क्लास, मित्र, क्रिकेट, सगळं मराठीत, तेही एकाच कॉलनीतल्या मुलांबरोबर. दुसरा संखकडचा. त्याची गल्ली अर्धी कन्नड, अर्धी मराठी, सायकलवाला दखनी बोलणारा, गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेला येणारे पाहुणे पार कर्नाटकातले. समोर कोण आलंय, त्याला किती कळतंय, आपण बोललो ते पोचलं की नुसतं ऐकल्यासारखं केलं, हा अंदाज घेतच तो लहानाचा मोठा झाला.

आता तुम्ही म्हणाल, दोन पोरांवरून काय सिद्ध होतं? काही नाही. म्हणून त्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी काय पाहिलंय ते सांगते.

दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज मूल जन्माला येताना घेऊन येत नाही. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली यासाठी एक साधी गोष्ट रचली. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांचं मूल बिनधास्त सांगतं, दुसऱ्या कपाटात. कारण चॉकलेट तिथं आहे हे त्याला स्वतःला माहीत असतं. मुलगा जुन्याच जागी जाईल हे ओळखायला साधारण चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं. मोठेपणीही आपण यात सारखे घसरतो, आजींचं उदाहरण वर आहेच.

पुढे लोकांच्या लक्षात आलं की दोन भाषांत वाढणारी मुलं ही पायरी जरा लवकर चढताना दिसतात. आग्नेस कोवाच यांनी २००९ साली रोमानियन आणि हंगेरियन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना अशाच गोष्टी घातल्या, तेव्हा ती एकभाषिक मुलांपेक्षा बरीच पुढे निघाली. रोमानिया आणि हंगेरी यांच्यातही सीमेवरून जुनं दुखणं आहे, हे जाता जाता.

पण भिंतीच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग शिकागो विद्यापीठातला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. चार ते सहा वर्षांची ७२ मुलं. मध्ये खणाखणांची मांडणी, एका बाजूला मूल, समोर एक मोठं माणूस. मुलाला तीन खेळण्यातल्या मोटारी दिसतात: लहान, मध्यम, मोठी. सगळ्यात लहान मोटार असते त्या खणाला समोरून आडोसा लावलेला, म्हणजे मोठ्या माणसाला ती दिसतच नाही. तो म्हणतो, "लहान गाडी हलव." मुलानं स्वतःला दिसणारी लहान गाडी उचलली तर चूक. समोरच्या माणसाला दिसत असलेल्यांपैकी लहान, म्हणजे मधली, उचलली तर बरोबर. एकाच भाषेच्या वातावरणात वाढलेल्या मुलांनी निम्म्या वेळा बरोबर गाडी हलवली. द्विभाषिक मुलांनी ७७ टक्के वेळा.

तिसरा गट होता, आणि माझ्या मते सगळी गोम तिथं आहे. या मुलांना दुसरी भाषा बोलता येत नव्हती. ती फक्त त्यांच्या कानावर पडत होती, घरी कुणी बोलणारं होतं किंवा शेजारी. त्यांचे गुण? ७६ टक्के. द्विभाषिकांच्या बरोबरीचे. बुद्धीच्या इतर चाचण्या लावून पाहिल्या, त्यांतून हा फरक उलगडत नव्हता. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं असं की कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतंय, कुणाला काय कळतंय आणि कुणाला नाही, हे सारखं पाहत राहिल्यामुळे दुसऱ्याच्या जागेवरून बघायची सवय लागते.

म्हणजे ज्या मराठी पोरांना कन्नडचं अक्षर येत नाही आणि जी नुसती एका मैदानावर कन्नड मुलांच्या गलक्यात खेळतात, त्यांच्याही पदरात काही पडतंय. तेच तुमची भिंत काढून घेणार आहे.

कॅनडात मॉन्ट्रियल हे फ्रेंच-इंग्रजीचं शहर, आपल्या मिरजेसारखंच दोन भाषांत जगणारं. तिथल्या मॅकगिल विद्यापीठात डेब्रा टिटोन यांच्या गटानं किती भाषा येतात हे मोजणं सोडून, रोजच्या जगण्यात त्या कशा वाटल्या जातात ते मोजायला सुरुवात केली. घरात एक, कामावर दुसरी अशी कप्पेबंद भाषा वापरणारे एका टोकाला, आणि सगळीकडे दोन्ही मिसळून वापरणारे दुसऱ्या टोकाला. २०२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६१ द्विभाषिक प्रौढांना छोटे प्रसंग वाचायला दिले होते. ज्यांच्या जगण्यात भाषांची सरमिसळ जास्त, ते प्रसंगातल्या माणसांच्या मनाचा विचार जास्त करताना दिसले. त्यानंतर याच गटानं माणसांची ओळखीपाळखीची जाळी काढली, कोण कुणाला ओळखतं आणि कुणाशी काय बोलतं, आणि त्या जाळ्याच्या ठेवणीचाही संबंध दुसऱ्याचं मन वाचण्याशी लागतो असं दाखवलं. माझ्या दुकानातल्या दोन मुलांमधला फरक मला तेव्हा नीट कळला.

यात हातचं राखून सांगायला नको. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. ज्यांना माणसांत रस असतो तीच माणसं चार भाषांच्या लोकांत मिसळत असतील, असंही असू शकतं. स्कॉट श्रोडर यांनी २०१८ साली मुलांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा द्विभाषिकांचा फायदा दिसला, पण लहानसाच. तेव्हा दोन भाषा आल्या की पोरगं कलेक्टर होईल, असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माझं म्हणणं एवढंच आहे की जो काही फायदा आहे तो येतो माणसांच्या मिसळण्यातून, आणि तो आज तुमच्या आवारात फुकट मिळतोय.

'भाषा बिघडते' याचंही बघू. अजित मोहंती यांनी ओडिशात कोंध आदिवासींमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. काही भागांत कोंध मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काही भागांत कुई मागे पडून फक्त ओडिया उरली आहे. समाज तोच, गरिबी तीच. भाषेचा आणि विचाराचा कस पाहणाऱ्या चाचण्यांत दोन भाषावाली मुलं पुढे निघाली. बिघडायचं असतं तर तिथं बिघडलं असतं. आणि हेलाचं म्हणाल तर तो आपल्या आज्यांनाही होता. जतची मराठी पुण्यासारखी वाजावी असा कुठला जीआर निघालाय का?

आणखी एक गोष्ट सांगते, थोडी लागेल. ठरावावर सही करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची थोरली मुलं इंग्रजी माध्यमाला जातात. सकाळी पिवळी गाडी दारात येते. तिथं मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा असतात आणि प्रगतिपुस्तकावर तिन्हींत अ श्रेणी असते. पण गाडीत बसणारी मुलं कोण? त्याच आर्थिक थरातली, त्याच चार गल्ल्यांतली. तीन भाषांत तीच मुलं तेच बोलतात. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर राज्यभर रण पेटलं आणि जूनअखेर सरकारनं त्याबाबतचे दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या गदारोळात वर्गात कुठली भाषा 'विषय' म्हणून असावी यावर सगळे बोलले. मूल दिवसभर कुणाच्या संगतीत असतं, यावर कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कन्नड माध्यमाच्या पालकांशी थोडं वेगळं बोलायचंय. तुमच्या सहीमागचं कारण निराळं आहे हे मला माहेरच्या माणसांकडून कळलं. दोन शाळा एकत्र वावरताना दिसल्या की पट कमी असल्याचं निमित्त करून उद्या कन्नड शाळा मराठीत विलीन करतील, ही तुमची धास्ती. ती खोटी नाही. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचं संविधानाचं ३५० (क) हे कलम तुमच्या बाजूचं आहे, आणि त्याला भिंतीची गरज नाही. वर्ग वेगळे राहू देत, फळे वेगळे, पुस्तकं वेगळी, शिक्षकही वेगळे. मी बोलते आहे ते मैदानाबद्दल, पंगतीबद्दल आणि टाकीपाशी लागणाऱ्या रांगेबद्दल. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगण्याचा विषय काढला, एसट्यांना काळं फासलं गेलं, महिनाभर टीव्हीवाले आपल्या भागात तळ ठोकून होते. तेव्हा गावागावांत सगळे सांगत होते, आम्हाला पाणी हवंय, भाषेचं भांडण नको. मग आता आपल्याच हातानं पोरांच्या मध्ये सीमा कशाला आखायची?

सांगलीकरांना तर याची आठवण करून द्यायला नकोच. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना असं काही मराठीत करा म्हटलं, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन म्हणून नारळ फोडतो तो याचाच. त्या वेळी कुणी 'मराठी बिघडेल' म्हणून कर्नाटकवाल्यांना नदीपलीकडे उतरवलं असतं तर?

विट्याकडच्या गलाईवाल्यांची मुलं आठवा. बाप तामिळनाडूत नाही तर केरळात सोनं-चांदी गाळतो, पोरगं तिथल्या गल्लीत तमिळ, मल्याळम बोलत वाढतं आणि आजी-आजोबांकडे गावी शाळेत आलं की त्याला 'मद्रासी' म्हणून चिडवतात. दोन वर्षांत ते गप्प होतं. इतक्या निरनिराळ्या माणसांत वावरलेलं मूल वर्गात असतं आणि त्याला कोणी काही विचारत नाही. तुमच्याकडेही असेल एखादं, बघा.

माझी मागणी मोठी नाही. भिंतीचा ठराव रद्द करा आणि जमवलेल्या वर्गणीतून टाकीला आणखी चार तोट्या बसवा, रांगेतली निम्मी भांडणं तिथंच मिटतील. मधली सुट्टी दोन्ही शाळांची एकाच घंटेला ठेवा. खो-खो, कबड्डीचे संघ शाळेवार पाडू नका, चिठ्ठ्या टाकून पाडा. मिश्र संघ असला की 'पळ' कुठल्या भाषेत ओरडायचं हे पोरं आपलं आपण ठरवतात. पंगत एक ठेवा. आणि मैदानावर कुठल्याही मुलाला 'मराठीत बोल' किंवा 'कन्नडात बोल' असं शिक्षकांनी किंवा पालकांनी सांगू नये, एवढं शाळेच्या फळ्यावर लिहून टाका, दोन्ही लिपींत. कृपा करून 'संभाषण कन्नड'चा तास मात्र सुरू करू नका. तास आला की परीक्षा येते, परीक्षा आली की गाईड येतं.

शेवटी बैठकीच्या वेळेबद्दल. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. आहेतही, कागदावर. भिंतीच्या ठरावाची बैठक दुपारी दोनला झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त सदस्य बाया द्राक्षबागेत होत्या. सह्या त्यांच्या नवऱ्यांनी केल्या असं मला सांगण्यात आलं. या बाया एकाच टोळीत, एकाच ओळीत घडांची विरळणी करतात. कन्नडवाली मराठीवालीला सासूचं गाऱ्हाणं सांगते, मराठीवाली निम्मं शब्दांतून आणि निम्मं चेहऱ्यावरून समजून घेते, आणि बरोबर त्या जागी हसते. भाषा बिघडते की नाही, हा प्रश्न आधी त्यांना विचारायला हवा होता. तेव्हा पुढची बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, टोळ्यांचे टेम्पो गावात परतल्यावर. नोटीस दोन्ही भाषांत काढा. मला बोलावलंत तर दुकान मुलांवर सोपवून येईन, संशोधनाचे कागदही आणीन. ते इंग्रजीत आहेत, पण दुसरा मुलगा बरोबर असेल, तो कन्नडात सांगेल.

कळावे,
मिरजेतली एक औषध दुकानदार, माहेर जत तालुका